चर्चचं लोखंडी कपाट : जुन्या रजिस्टरांच्या कामाच्या नोंदी

तालुक्याच्या गावी माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, वाढदिवस, पासपोर्ट फोटो, निवडणूक आली की बॅनर. कागदपत्रं जपायचं शिक्षण काही नाही. आमचं चर्च तिथून 14 किलोमीटरवर, अकोला आणि अमरावती जिल्ह्यांच्या शिवेवरच्या एका गावात. मिशनच्या काळातलं, दगडी, कौलारू. कामाला हात घातला तेव्हा आपल्या भाषेत कोणी धड सांगितलेलं सापडलं नाही, म्हणून या नोंदी ठेवत गेलो. ज्यांच्या चर्चमध्ये असंच एक कपाट आहे, त्यांना माझ्या चुका तरी फुकट मिळतील.

14 जानेवारी 2024, रविवार

भुसावळहून एक मावशी आल्या होत्या. त्यांना वडिलांच्या बाप्तिस्म्याचा दाखला हवा होता. उपासना सुटल्यावर पाळक साहेबांनी कपाट उघडलं, रजिस्टर टेबलावर घेतलं, पान उलटलं, तर पानाचा कोपरा त्यांच्या चिमटीतच राहिला. कोपऱ्यावर अर्धं नाव होतं. मावशी म्हणाल्या, "राहू द्या साहेब, माझ्या एका दाखल्यापायी बाकीच्यांचं नका फाडू." दाखला न घेताच त्या दुपारच्या गाडीनं परत गेल्या.

संध्याकाळी साहेबांचा फोन. "भाऊ, सलाम. तुमच्याजवळ कॅमेरा हाये, फोटो काढून ठेवा नं सगळ्याचे." मी म्हटलं, दोन रविवारचं काम आहे. हे वाक्य मुद्दाम लिहून ठेवतो.

कपाटात निघालं ते असं : बाप्तिस्म्याची 4 रजिस्टरं, लग्नाची 3, दफनाची 2, पंच कमिटीच्या इतिवृत्ताच्या 6 वह्या, जमाखर्चाच्या 5, बोर्डिंगच्या मुलांच्या हजेरीच्या 3. एकूण 23. शिवाय सुट्ट्या कागदांची एक पत्र्याची ट्रंक. कपाट भिंतीला टेकून होतं आणि मागच्या पत्र्याला वाळवीची मातीची नळी वरपर्यंत चढलेली. डांबरगोळ्यांचा वास इतका की डोळे चुरचुरले. हजेरीची एक वही वाळवीनं मधून पोखरलेली. वरून पुठ्ठा शाबूत, उचलली तर नुसतं खोकं.

21 जानेवारी

पहिली चूक. दुकानातला झाकणाचा स्कॅनर घेऊन गेलो. त्यावर वही पालथी घालून वरून दाबावी लागते. लग्नाचं रजिस्टर दाबलं, आणि तिसऱ्या दाबाला पाठीतून वाळक्या पऱ्हाटीसारखा आवाज आला. शिवण तुटली, तीन पानं सुटी झाली. तरी मी अडीच तास रेटत राहिलो आणि 31 पानं केली. एक पान दोनदा आलं, एक आलंच नाही. बांधीव वहीला स्कॅनर लावू नका, एवढं त्या दिवशी कळलं. सुटी पानं त्याच जागी ठेवली आणि वही सुती नाडीनं सैलसर बांधली. रबरबँड लावू नका. उन्हाळ्यात तो वितळून पुठ्ठ्याला चिकटतो, एका वहीवर तसाच डाग आधीपासून होता.

28 जानेवारी

आधी झाडझूड करायला हवी होती, ती आज केली. बाहेर व्हरांड्यात, मास्क लावून. रंगाऱ्याच्या ब्रशनं सुरुवात केली, पण त्याचे केस राठ, पानाच्या कडा उचलल्या जायला लागल्या. मग नवा दाढीचा ब्रश आणला. पान हातानं धरायचं आणि शिवणीकडून बाहेर, एकाच दिशेनं झाडायचं. पाठीच्या फटीत जो कचरा असतो त्यात काय काय निघालं सांगतो : बैलाचा केस, भाताचं शीत वाळून खडा झालेलं, एक टाचणी गंजून पानात रुतलेली आणि एक आण्याचं एक नाणं.

टाचण्या ओढून काढू नका. गंजलेली टाचणी ओढली की कागदाचा लचका घेऊन येते. पानाच्या खाली पातळ प्लास्टिकची पट्टी सरकवून टाचणीचं टोक हळूच उचलायचं.

वाळवीवर उपाय भिंतीत केला, कपाटात नाही. गावातल्या एका भावानं फवारणी पंप आणला होता, म्हणे, "कपाटातच मारू एक हात." त्याला अडवलं. औषध भिंतीच्या बुडाशी भोकं पाडून सोडलं. कपाट भिंतीपासून हातभर पुढं ओढलं आणि विटांवर चढवलं. आता मागून बॅटरी मारली की नवी नळी लगेच दिसते. डांबरगोळ्या सगळ्या वेचून फेकल्या, पाऊण किलो भरल्या.

4 फेब्रुवारी

वाळवी दिसते तरी. चार वह्यांतून पिठासारखा बारीक भुसा पडतो आणि पानांत सुईच्या टोकाएवढी आरपार भोकं आहेत, म्हणजे आत अळी जिवंत आहे. विषारी औषध कागदावर नको होतं. वही घट्ट पॅक करून कडक थंडीत ठेवली की किडा आणि अंडी दोन्ही मरतात. त्यासाठी डीप फ्रीझर लागतो, आणि तो आमच्या तालुक्यात आइस्क्रीमवाल्याकडं आहे. हिवाळ्यात त्याचा अर्धा रिकामाच असतो. तो म्हणाला, "ठेवा नं भाऊ, पन होळीच्या आंदी मोकळा करून द्या."

प्रत्येक वही आधी साध्या कागदात, मग जाड प्लास्टिकच्या पिशवीत, हवा काढून टेपनं बंद. उणे 18 अंश, दोन आठवडे.

10 फेब्रुवारी

अवकाळी पावसात डीपी जळली. लाइन नऊ तास नव्हती. फ्रीझर किती कोमट झाला असेल देव जाणे. दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतले.

26 फेब्रुवारी

वह्या काढल्या. इथं दुसरी मोठी चूक. फ्रीझरमधून काढलेली पिशवी दिवसभर तशीच बंद ठेवायची असते. मला वाटलं बघू तरी, आणि बाप्तिस्म्याच्या तिसऱ्या रजिस्टरची पिशवी तिथंच उघडली. मिनिटभरात चामडी पुठ्ठ्यावर दव जमलं, थंड पाण्याच्या गडव्यावर जमतं तसं. टीपकागद लावून टिपलं, पण चामड्यावर पांढरट डाग राहिला तो राहिला. बाकीच्या तीन पिशव्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उघडल्या. त्या कोरड्या ठणठणीत. आज, म्हणजे ही नोंद साफ करताना, सांगतो की भुसा परत पडलेला नाही.

3 मार्च

स्टँड तयार झाला. सुताराला पोथी ठेवायची रेहल दाखवली आणि म्हटलं, हिचीच मोठी बहीण कर. दोन फळ्या, मध्ये फट, फळ्यांमधला कोन काटकोनापेक्षा थोडा जास्त. वही तिच्यात अर्धी उघडी झोपते, पाठीवर ताण येत नाही. आधी उजव्या बाजूची सगळी पानं, मग वही फिरवून डाव्या बाजूची. पान सपाट ठेवायला चार मिलिमीटरची काच, कडा घासून घेतलेली. खर्च 2,800, त्यात सुताराची मजुरी आली.

कॅमेरा लग्नाचाच, 24 मेगापिक्सेलचा. 50 एमएमची लेन्स, एफ 8, आयएसओ 100, दोन सेकंदांचा टायमर. रजिस्टरचं पान 13 इंच उंच. कॅमेऱ्याची लांब बाजू 6000 पिक्सेल, म्हणजे कडेला मोकळी जागा सोडूनसुद्धा इंचाला 400 पिक्सेल मिळतात. अक्षराला ते भरपूर झाले. दोन एलईडी, दोन्हीकडून 45 अंशांत. खोलीतली ट्यूबलाइट बंद करा, नाहीतर फोटोत पट्टे येतात. पंखाही बंद. पहिल्या दिवशी पंख्यानं पान उलटलं आणि माझा अंगठा रजिस्टरच्या इतिहासात जमा झाला.

17 मार्च

पहिलं रजिस्टर संपवलं, 212 फोटो, आणि सगळे बाद. रंग ऑटोवर सोडला होता, म्हणून एक पान पिवळं, पुढचं निळसर. आणि नुसते जेपीईजी. समासात शिसपेन्सिलीनं लिहिलेलं त्यात पार पुसल्यासारखं दिसतं. ते समासच कामाचे असतात. "नागपूरला गेला", "मिशन सोडलं", "वारली", असलं सगळं तिथं पेन्सिलीत आहे. परत सुरुवात. रंग एकदाच राखाडी कार्डावर ठरवला आणि रॉ, म्हणजे कॅमेऱ्याला दिसलेलं सगळं जसंच्या तसं ठेवणारी फाइल, चालू केलं. प्रत्येक वहीच्या पहिल्या फोटोत पट्टी आणि वहीचा नंबर ठेवला.

कॅमेऱ्याचं घड्याळ 2019 सालात होतं, हेही आजच कळलं.

24 मार्च

सेलोटेप आणि लॅमिनेशन. या वह्यांचं सगळ्यात जास्त नुकसान वाळवीनं केलंय असं मला वाटत होतं. ते काही खरं नाही. कोणीतरी, बहुतेक वीसेक वर्षांपूर्वी, फाटलेली पानं मायेनं सेलोटेपनं जोडली. टेपचा चिकटा आता मधासारखा तपकिरी होऊन कागदात उतरलाय, वरची पट्टी सुटून पडते आणि डाग तसाच. एका टेपला हेअर ड्रायर लावून सोडवायला गेलो, तर शाईसकट पापुद्रा निघाला. "मरीबाई" या नावातलं "बाई" टेपला चिकटून माझ्या हातात. ती टेप पाकिटात घालून वहीसोबत ठेवली आणि पुढं एकही टेप काढली नाही.

आणि सगळ्यात जुन्या रजिस्टरची पहिली 12 पानं लॅमिनेट केलेली आहेत! कोणी केली ते मंडळीत सगळ्यांना माहीत आहे, आणि ते काका आजही पहिल्या बाकावर बसतात. त्यांनी स्वतःच्या खिशातून पैसे भरले होते. मी काही बोललो नाही. कागद आतल्या आत तपकिरी होत चाललाय, उष्णतेनं चिकटवलेलं प्लास्टिक घरी निघत नाही. फोटोत त्याच्यावर दिव्याची तिरीप येते, म्हणून दिवे अगदी खाली घेतले आणि कॅमेऱ्याभोवती काळं कापड धरलं. तरी 12 पानांना एक अख्खी संध्याकाळ गेली.

7 एप्रिल

आता माझी स्वतःची "माया". जुनी शाई लोहाची आहे, लोहाचे क्षार आणि मायफळासारख्या फळांचा अर्क मिळून होणारी. लिहिताना फिकट, वाळल्यावर काळी, आणि शंभर वर्षांनी कागद खाणारी. जिथं बोरू जोरात टेकला तिथं अक्षराच्या जागी जाळी झालीय, मागचं पान दिसतं. मी काय केलं, घरी खळ शिजवली आणि पातळ टिश्यूची पट्टी एका फाटीवर लावली. रात्रीत ओल पसरली आणि अक्षरांभोवती चहासारखा तपकिरी वेढा आला. ओलाव्याबरोबर शाईतलं लोह पसरतं आणि जिथं पोचतं तिथला कागद कमजोर करतं.

नागपूरला पुराभिलेखात नोकरी करून निवृत्त झालेले एक काका आहेत, त्यांना फोटो पाठवले. त्यांचा लगेच फोन आला. "अरे बाबू, पानी कायले लावलं? दुरुस्ती करू नोको. जसं हाये तसं धरून ठेव, इतकंच कर." मग विचारलं, "खळीत मोरचूद तं नाई टाकलं?" टाकलं होतं. किडे लागू नयेत म्हणून बांधणीवाले टाकतात तसं, चिमूटभर. तांब्यामुळं कागद आणखी लवकर जळतो म्हणे. खळीचं भांडं त्याच संध्याकाळी उकिरड्यावर ओतलं.

तेव्हापासून नियम असा : शाईवर काही ओलं लावायचं नाही. फाटकं पान आम्लरहित कागदाच्या घडीत सरकवायचं आणि त्याच जागी ठेवायचं. टिश्यू फक्त कोऱ्या समासाला, तीसुद्धा काकांनी सांगितलेल्या नुसत्या गव्हाच्या सत्त्वाच्या खळीनं, बोटावर मावेल इतक्या.

28 एप्रिल

तीन आठवडे काम बंद होतं. वाचणाऱ्या बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत आहेत आणि 26 तारखेला आमच्याकडं मतदान होतं. त्यांची ड्यूटी, माझे बॅनर.

आता यादी. प्रत्येक नोंदीतलं नाव, बापाचं नाव, गाव, तारीख, पान नंबर. बाई वाचतात, मी टाइप करतो. पहिल्या शंभर नोंदींत मी शहाणपणा केला, चुकीचं दिसलेलं स्पेलिंग दुरुस्त करत गेलो. बाईंनी पकडलं. म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही दुरुस्त केलेलं नाव पुढं कोनी शोधलं तं मूळ पानावर ते सापडनार नाई." मग दोन रकाने केले. एकात जसं लिहिलंय तसं, दुसऱ्यात आजचं.

गावांची नावं पहिल्या दिवशी छळतात. गोऱ्या साहेबानं लिहिलेलं एलिचपूर म्हणजे अचलपूर, बासिम म्हणजे वाशीम. "वून जिल्हा" पाहून आम्ही अर्धा तास थांबलो. वणी तालुका धरून चालत होतो. पुढं लक्षात आलं की 1905 साली वऱ्हाडातल्या जिल्ह्यांची फेररचना झाली, वून जिल्ह्याचं नाव यवतमाळ झालं आणि एलिचपूर व बासिम हे जिल्हेच मोडले. त्यामुळं एकाच कुटुंबातल्या थोरल्याचा जिल्हा एलिचपूर आणि धाकट्याचा अमरावती, आणि घर मात्र जागचं हललेलं नाही. यादीत तिसरा रकाना वाढला.

जमाखर्चाच्या दोन वह्या मोडीत आहेत. त्या बाजूला ठेवल्या. फोटो काढलेत, वाचणारा मिळेल तेव्हा मिळेल.

12 मे

पारा 43च्या वर. पंखा बंद ठेवून काम म्हणजे शिक्षा, म्हणून पहाटे साडेपाच ते नऊ.

1900चं पान. त्याच्या आधी वर्षाला आठ-दहा बाप्तिस्मे दिसतात. त्या वर्षी एकाच तारखेला ओळीनं मुलं. आईबापाच्या रकान्यात पहिल्या मुलापुढं "अनाथ" लिहिलंय आणि खाली पानभर नुसती वरच्याप्रमाणेची खूण. वय सगळ्यांचं अंदाजे. गावाच्या रकान्यात काहींपुढं पेन्सिलीत प्रश्नचिन्ह. हा छप्पन्नच्या, म्हणजे विक्रम संवत 1956च्या दुष्काळाचा काळ, वऱ्हाड आणि मध्य प्रांतात 1896-97च्या मागोमाग पडलेला. बाई वाचता वाचता थांबल्या. म्हणाल्या, यादीत "वरच्याप्रमाणे" लिहू नका, प्रत्येकापुढं शब्द लिहा. त्याला तासभर जास्त लागला. बरोबरच होतं त्यांचं. कारण ओळी क्रमानं लावल्या की "वरच्याप्रमाणे"चा वरचा बदलतो.

मंडळीतली किमान सहा आडनावं या एका पानावरून निघालीत.

19 मे

दफनाचं रजिस्टर. एरवी वर्षाला तीन-चार नोंदी. 1918च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात अडीच पानं. ती मानमोडीची साथ, इन्फ्लुएंझाची. पहिल्या पानावर कारणाच्या रकान्यात "ताप" असं सुवाच्य लिहिलंय, मग नुसतं "ता.", मग रकाना कोरा. दुसऱ्या पानाच्या मध्यावर अक्षर बदलतं. आधीचं उजवीकडं कललेलं, एका वळणाचं, नंतरचं मोठं, थरथरतं, शाळकरी. मला वाटलं, लिहिणारे पाळक गेले. घरी जाऊन बायकोलाही तसंच सांगितलं. पुढच्या आठवड्यात लग्नाचं रजिस्टर करताना 1924 सालात तेच कललेलं अक्षर आणि तीच सही ठणठणीत निघाली. मी मनातल्या मनात माणूस मारून मोकळा झालो होतो. यादीच्या शेऱ्यात तसं काही लिहिलं नव्हतं, हे नशीब.

26 मे

कार्डावरून लॅपटॉपवर फोटो घेताना "कट" केलं होतं. मध्येच लाइन गेली. लॅपटॉपची बॅटरी केव्हाची मेलेली. 140 फोटो ना इकडं ना तिकडं. रिकव्हरीच्या सॉफ्टवेअरनं 96 परत आले, बाकी पुन्हा काढले. धंद्यात 18 वर्षं झाली, लग्नाचे फोटो मी असे कधी हलवत नाही. चर्चच्या कामात बेफिकीर झालो.

आताची पद्धत : कॉपी करायचं, मोजायचं, फायली जुळतात का ते तपासायच्या सॉफ्टवेअरनं तपासायचं, मग कार्ड पुसायचं. तीन प्रती. एक चर्चच्या लॅपटॉपवर, एक हार्ड डिस्क माझ्या दुकानात, एक पुण्याला मुलीकडं. दोन डिस्कना 9,200. फायलींची नावं इंग्रजी अक्षर आणि आकडा, म्हणजे वहीचा प्रकार, वहीचा नंबर, पानाचा नंबर. पहिल्यांदा मी मराठीत लांबलचक नावं दिली होती, ती एका जुन्या संगणकावर नुसते चौकोन झाली.

9 जून

कमिटीची मीटिंग, तीन तास. विषय, हे सगळं इंटरनेटवर टाकायचं का. तरुण पोरांना टाकायचं होतं. मलाही, खरं सांगायचं तर.

अडचण एका रकान्याची आहे. जुन्या रजिस्टरांत "पूर्वीची जात" असा रकाना आहे आणि तो जवळपास सगळीकडं भरलेला आहे. 1950च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा आधी हिंदूंपुरता होता, पुढं 1956 साली शिखांना आणि 1990 साली बौद्धांना मिळाला, ख्रिस्ती झालेल्याला नाही. आपल्याकडं घराघरांत कागदावरची ओळख आणि उपासनेतली ओळख कशी वेगवेगळी चालते, हे ज्याला माहीत आहे त्याला जास्त सांगायला नको. मीटिंगच्या आदल्या रात्री एक पोरगा दुकानाचं शटर अर्धं पडल्यावर आत आला. "दादा, माह्या आज्याचं पान टाकू नका. मी परीक्षेले बसून रायलो." एवढंच बोलून गेला.

मीटिंगमध्ये एक पंच म्हणाले, प्रभूच्या पुस्तकात नाव आहे, लपवायचं काय त्यात. दुसरे म्हणाले, प्रभूच्या पुस्तकाची झेरॉक्स तहसीलमध्ये जात नाही, याची जाते. मी त्या पोराचं नाव न घेता बाजू मांडली. ठरलं असं : बाहेर फक्त वह्यांची यादी, कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंत काय आहे एवढीच. पानांचे फोटो चर्चच्या लॅपटॉपवर, कुटुंबातल्याला त्याच्या घराची नोंद दाखवायची. ज्या नोंदींना शंभर वर्षं झाली नाहीत त्या पाळक साहेबांशिवाय कोणी उघडायच्या नाहीत. आणि छापील यादीत जातीचा रकाना नाही. तरुण पोरं नाराज आहेत.

माझं मत : तुमच्याकडं असं रजिस्टर असेल तर हा निर्णय कॅमेरा लावायच्या आधी करा. आम्ही उलटं केलं.

30 जून

खोकी. आधी "हँडमेड" कागदाची महागडी घडी आणली होती. दुकानदार छातीठोकपणे म्हणाला, आम्लरहित आहे. आम्ल तपासायचं पेन मिळतं, रेघ जांभळी झाली तर कागद चांगला, पिवळी झाली तर आम्ल. रेघ पिवळी. तो कागद संडे स्कूलच्या मुलांना चित्रांना दिला. बरा कागद आणि टिश्यू बाहेरून मागवले, 1,750. खोकी बांधणीवाल्याकडून, मोठ्या वह्यांपुरती, 3,400.

21 जुलै

जुन्या दप्तरखान्यात कागद लाल कापडाच्या रुमालात बांधलेले असतात, म्हणून मीही हौसेनं लाल कापड आणून वह्या बांधल्या. काल रात्री कौलातून गळलं. कपाटाच्या दारातून आत पाणी आलं, जेमतेम वाटीभर. लाल रंग सुटून इतिवृत्ताच्या एका वहीच्या पुठ्ठ्यावर उतरला. वही आतून वाचली. सगळे रुमाल सोडले. पांढरं मांजरपाट आणलं, 900 रुपयांचं. दोनदा गरम पाण्यात धुवून कांजी काढली, कारण कसर कांजीवरच येते. नीळ नाही, सुगंधी पावडर नाही. कौलं शाकारायला उन्हाळा होता, ते कोणाच्याच डोक्यात आलं नाही. कपाटावर आता ताडपत्री आहे.

640 रुपयांचा आर्द्रता मोजायचा छोटा मीटर आत ठेवला. बंद कपाटात 84 टक्के दाखवतो, बाहेर खोलीत 76. म्हणजे कपाटच घामाघूम होतं. दाराला वर-खाली भोकं पाडली आणि बारीक जाळी लावली. दर रविवारी उपासनेच्या वेळी दार उघडं ठेवायचं, पण बाहेर पाऊस चालू असेल तर नाही. सिलिका जेलच्या पुड्या निळ्याच्या गुलाबी झाल्या की तव्यावर वाळवायच्या, अर्थात तो तवा पुन्हा भाकरीला वापरायचा नाही. आजचा आकडा 71.

18 ऑगस्ट

हिशेब : स्टँड 2,800, कागद-टिश्यू 1,750, डिस्क 9,200, कापड 900, मीटर 640, खोकी 3,400. एकूण 18,690. कमिटीनं मंजूर केले होते 5,000. उरलेले कापणीच्या सणाच्या लिलावातून आणि थोडे माझे. वेळ वहीत मोजत गेलो, दोघांचा मिळून 230 तास. फोटो 3,412. मोडीच्या दोन वह्यांचं वाचन, ट्रंकेतले सुटे कागद आणि वाळवीनं खाल्लेली हजेरी अजून बाकी.

एक गोष्ट लोक विचारतात म्हणून. फोटो झाले तरी मूळ वही टाकायची नाही. लग्नाचं रजिस्टर 1872च्या ख्रिस्ती विवाह कायद्याखालचं आहे, दाखला त्या पानावरून निघतो, माझ्या फोटोवरून नाही. फायदा इतकाच की नाव यादीत शोधायचं, पान नंबर बघायचा आणि रजिस्टर फक्त त्या पानाशी एकदा उघडायचं. पूर्वी एका नावासाठी चाळीस पानं उलटली जायची.

29 सप्टेंबर, रविवार

मावशी परत आल्या. त्यांनी सांगितलेलं नाव यादीत नव्हतं. बापाचं नावही नाही. बाईंनी गावाच्या रकान्यावरून गाळणी लावली, बासिमकडचं एक खेडं, आणि सहा नोंदी उरल्या. त्यातली चौथी. मावशींना वडील "शमुवेल" म्हणून माहीत, गोऱ्या साहेबानं लिहिलेलं इंग्रजीत, तेही एक अक्षर गाळून. कोपरा फाटलेलं तेच पान. तुटलेला कोपरा पाकिटात घालून ठेवला होता, तो काचेखाली जागेवर लावला तेव्हा नाव पुरं झालं.

पाळक साहेबांनी दाखला लिहिला, सही केली, शिक्का मारला. मावशींनी तो पदरानं वारा घालत वाळवला, दोनदा वाचला, आणि मला विचारलं, "भाऊ, इथं लॅमिनेशन कुठं करून मिळंल?"

दुकानातनं एक प्लास्टिकचं सरकवायचं पाकीट आणून दिलं.